दुकान भुसावळचं, गिऱ्हाईक सुरतचं: ऑनलाइन विक्रीतल्या कराची प्रश्नोत्तरे

पापड, मसाला, केळीचे वेफर्स, साड्या असा माल स्वतःच्या वेबसाइटवरून विकणाऱ्या खान्देशातल्या वाचकांचे काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांची साइट वूकॉमर्सवर (वेबसाइटवर दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरवर) आहे, म्हणून सेटिंगही त्याचीच सांगतो.

प्रश्न : भुसावळहून आम्ही केळीचे वेफर्स विकतो. कराच्या तक्त्यात पिनकोड आणि शहर असे रकाने आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारचे दर वेगळे टाकायचे का? गुजरातचा दर किती?

ते दोन्ही रकाने रिकामे सोडा. अमेरिकेत गावागणिक विक्रीकर बदलतो, त्यांच्यासाठी ती सोय आहे. आपल्याकडे १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून दर ठरतो तो मालावर. वेफर्सना जळगावात ५ टक्के, सुरतेतही ५ आणि गुवाहाटीतही ५च. (२२ सप्टेंबर २०२५ च्या आधी पाकिटबंद नमकीनला १२ टक्के होते. जुनी साइट असेल तर तक्त्यात अजून १२ तर नाहीत ना, हे आधी बघा.) पार्सल कुठे जातंय यावरून एवढंच ठरतं की तो कर कोणत्या नावाने लावायचा. महाराष्ट्रात गेलं तर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) अडीच आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) अडीच, बाहेर गेलं तर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा कर) ५.

म्हणजे ५ टक्क्यांच्या मालासाठी तक्त्यात तीनच ओळी लागतात. पहिली : देश भारत, राज्य महाराष्ट्र, दर २.५, नाव सीजीएसटी, प्रायॉरिटी १. दुसरी : तसंच सगळं, पण नाव एसजीएसटी आणि प्रायॉरिटी २. तिसरी : देश भारत, राज्याचा रकाना रिकामा, दर ५, नाव आयजीएसटी, प्रायॉरिटी १. राज्य लिहिताना इंग्रजीतली दोन अक्षरं, एमएच, टाकायची. जीएसटी क्रमांकातला महाराष्ट्राचा २७ तिथे टाकला तर ओळ कुणालाच लागू होणार नाही.

खरी गोम प्रायॉरिटीत आहे. एका प्रायॉरिटीतून वूकॉमर्स एकच दर उचलतं. सीजीएसटी आणि एसजीएसटी दोन्ही १ वर ठेवले, तर नाशिकच्या गिऱ्हाइकाकडून अडीच टक्केच घेतले जातील आणि उरलेले अडीच तुमच्या खिशातून जातील. उलट आयजीएसटी ३ वर ठेवला, तर त्याच गिऱ्हाइकाला तिन्ही ओळी लागून १० टक्के कर बसेल. वर सांगितल्याप्रमाणे ठेवलं की महाराष्ट्राच्या पत्त्याला राज्याचं नाव असलेली ओळ आधी सापडते, बाकी सगळा देश आयजीएसटीवर जातो. कंपाउंडच्या चौकोनात खूण नको, नाहीतर एसजीएसटी हा सीजीएसटीसकट रकमेवर मोजला जाईल. शिपिंगच्या चौकोनात मात्र खूण हवी, कारण तुम्ही घेतलेला पाठवणीचा खर्चही मालाच्याच दराने करपात्र असतो.

प्रश्न : आमचं मसाल्याचं पाकीट २१० रुपयांचं आहे. सुरतच्या गिऱ्हाइकाला साइटवर ते २०० ला दिसतं आणि तेवढेच पैसे येतात. सूट तर दिलेली नाही!

तुम्ही किमती करासहित भरल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा कर लावता येत नाही. पण अशा वेळी वूकॉमर्स आधी २१० मधून तुमच्या गावचा ५ टक्के कर काढतं, उरतात २००. मग गिऱ्हाइकाच्या पत्त्याचा कर त्यात मिळवतं. तुमच्या तक्त्यात महाराष्ट्राच्या ओळी आहेत, आयजीएसटीची नसावी. त्यामुळे मिळवायला शून्य. वरची तिसरी ओळ टाका, सुरतेतही २१० दिसतील. याआधी गेलेल्या पार्सलांवरचा कर मात्र तुम्हालाच भरावा लागेल. सुरतेत आपली खान्देशी माणसं एवढी आहेत की हा आकडा लहान नसणार, तेव्हा ऑर्डरींची यादी काढून सीएंना दाखवा.

प्रश्न : सिल्वासा, दमणसाठी यूटीजीएसटीची ओळ लागते का?

नाही. तो कर केंद्रशासित प्रदेशातल्या दुकानदाराने तिथल्या तिथे विकताना लावायचा. तुमच्यासाठी तो आयजीएसटीच.

प्रश्न : गिऱ्हाईक पुण्यात, पैसे त्याचे, पण साडी पाठवायची बऱ्हाणपूरला बहिणीकडे. कर कुठला? आणि नवापूरसारख्या सीमेवरच्या गावाचं काय?

गिऱ्हाईक जीएसटी नोंदणी नसलेलं, म्हणजे घरगुती असेल, तर पार्सल पोहोचवायचा पत्ता धरायचा. केंद्राच्या जून २०२४ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, म्हणून आयजीएसटी. सेटिंगमध्ये कर 'शिपिंग अॅड्रेस'वरून मोजायला सांगा, आणि बिलावरही तोच पत्ता येऊ द्या. व्यापारी स्वतःचा जीएसटी क्रमांक देऊन माल परस्पर तिसऱ्याकडे पाठवायला सांगत असेल, तर मात्र त्या व्यापाऱ्याच्या नोंदणीचं राज्य धरतात.

नवापूर स्टेशनाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे खरा, पण पार्सल फलाटावर उतरवून घेणारं गिऱ्हाईक विरळाच! घराचा पत्ता ज्या राज्यात, ते राज्य. अडचण येते ती गिऱ्हाइकाने चुकीचं राज्य निवडल्यावर. पिनकोडच्या पहिल्या अंकावर विसंबू नका. ४ हा अंक महाराष्ट्राला आहे तसाच मध्य प्रदेशालाही, बऱ्हाणपूर ४५० ने सुरू होतं. पूर्ण पिनकोडवरून राज्य आपोआप भरणारं प्लगइन घ्या. तरीही चुकीच्या नावाने कर भरला गेलाच, तर बरोबर नावाने पुन्हा भरून आधीचा परत मागता येतो, आणि त्यावर व्याज लागत नाही.

प्रश्न : मी यावलहून घरी केलेले उडदाचे पापड विकते. नोंदणी नाही. आता काळा मसालाही ठेवायचा आहे. भावजय म्हणते, कंपोझिशन (लहान व्यापाऱ्यांनी विक्रीवर ठरावीक कमी दराने कर भरायची योजना) घे.

ताई, पापडाला कर नाही. फक्त पापड विकत असाल तर नोंदणी लागत नाही, मग ते गुजरातेत जावोत की केरळात. मसाल्याला ५ टक्के आहे. तो महाराष्ट्रातच विकला तर पापडासकट एकूण विक्री ४० लाखांपर्यंत नोंदणीची गरज नाही. पण मसाल्याचं एक पाकीट जरी सुरतला पाठवायचं ठरलं, तरी त्याआधी नोंदणी हवी. तिथे ४० लाखांची सवलत चालत नाही.

कंपोझिशन तुमच्या उपयोगाचं नाही. त्यात राज्याबाहेर विकताच येत नाही आणि गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही. भावजयीचा सल्ला फक्त महाराष्ट्रात विकणाऱ्यांना ठीक. त्यांनी साइटवरची कराची मोजणी पूर्ण बंद ठेवावी आणि शिपिंग झोन एकच करावा, महाराष्ट्र. 'बाकीची ठिकाणं' या झोनमध्ये काहीही ठेवू नये, म्हणजे बाहेरची ऑर्डर पैसे भरण्याआधीच अडते.

तुम्ही साधी नोंदणी घ्या. पापडासाठी शून्य दराचा वर्ग आणि मसाल्यासाठी ५ टक्क्यांचा, असे दोन वर्ग करा आणि प्रत्येक मालाला त्याचा वर्ग लावा. नवा माल चढवताना वूकॉमर्स त्याला आपोआप 'स्टँडर्ड' वर्गात टाकतं, म्हणून ५ टक्के तिथेच ठेवलेले बरे.