आतड्याचा की आतड्यातला?

इंदूरच्या राजेंद्रनगरातून एका वाचकाने विचारलंय: आत्याच्या बायॉप्सीत लहान आतड्याचा टी-सेल लिम्फोमा निघाला. हिंदी कागदावर ‘लसीका कैंसर’ लिहिलंय, शेजारी ‘गठान’ म्हणतात आणि आजींनी ‘लसीका’ ऐकून विचारलं, ‘कुठल्या लशीनं झालं रे हे?’ मराठीत नेमकं काय म्हणावं?

आजींचा प्रश्न आधी घेते, कारण त्यांचा कान अगदी बरोबर आहे. खरचटलेल्या जागेतून पाण्यासारखं पाझरतं, त्याला आपण लसच म्हणतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातलं उदक दहा ओंजळी सांगितलंय. तेच रोमरंध्रांतून निघालं की स्वेद, कातडीआड व्रणात आलं की लसीका. लॅटिन ‘लिम्फा’ म्हणजेही स्वच्छ पाणीच. 1802 साली मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती अशीच फोडातली लस होती. एकाच्या दंडावरच्या फोडातून काढून दुसऱ्याला टोचायची. पुढे फोड गेले, बाटल्या आल्या, नाव तेच राहिलं. तेव्हा दोन्ही शब्द एका घरचे, पण आत्यांचा आजार टोचलेल्या लशीचा नाही, हे आजींना स्पष्ट सांगा.

आता प्रत्यय. ‘आतड्याचा कॅन्सर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला आतड्याच्या अस्तरातून उठलेला रोग वाटतो. इथे बिघडल्या आहेत त्या लसीकापेशी, म्हणजे संरक्षणासाठी अस्तरात वस्तीला असलेल्या पांढऱ्या पेशी; ‘टी-सेल’ हा त्यांचाच एक प्रकार. आतड्याची माणसं वेगळी आणि आपल्या घरात राहणारी वेगळी, हा फरक मराठी किती सहज करते! म्हणून ‘आतड्यातला लिम्फोमा’. फरक नुसता बोलण्यातला नाही, त्यावर औषधं बदलतात.

‘गठान’ मला पटत नाही. या रोगात हाताला गाठ लागेलच असं नाही. पोटदुखी, जुलाब, झपाट्याने उतरणारं वजन, आणि कित्येकदा आतड्याला भोक पडून किंवा ते तुंबून तातडीचं ऑपरेशन, तेव्हा कुठे निदान. घरचे गाठ चाचपत बसतात आणि वेळ जातो.

तुम्ही रिपोर्टातलं लांबलचक नाव पाठवलंय, ‘मोनोमॉर्फिक एपिथेलिओट्रॉपिक इंटेस्टिनल टी-सेल लिम्फोमा’. त्यातल्या पहिल्या दोन शब्दांचा अर्थ ‘एकसारख्या दिसणाऱ्या, अस्तराकडे ओढ असलेल्या पेशींचा’ असा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या वर्गीकरणात हा प्रकार वेगळा काढला. त्याचा जुना भाऊबंद सीलिअ‍ॅक आजाराशी, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनशी जोडलेला. हा तसा नाही, आणि आशियात जास्त दिसतो. माळव्यातलं घर, तेव्हा ‘पोळी बंद करायची का?’ हा प्रश्न येणारच. तो डॉक्टरांना विचारा, पण नुसत्या या नावावरून पोळी तोडू नका.

रोग दुर्मिळ आणि जहाल आहे. केमोथेरपी देतात, ती लागू पडली तर काहींना स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण करतात. तरी बरेच रुग्ण वर्षभराच्या आसपासच तग धरतात. हे मी मऊ शब्दांत झाकणार नाही. आत्यांना किती आणि कधी सांगायचं, ते त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

लिहिताना ‘लसीकापेशींचा कर्करोग’ लिहा. सामान्यरूप ‘लसीकेचा’, ‘लशीचा’ नव्हे. आजींसमोर मात्र लसीका नकोच. ‘पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आहे, आतड्यात झालाय’, एवढं त्यांना पुरेल.