डोंगरात देव दिसतो, माणसात का नाही?

प्रश्न: झाडाखाली, नदीकाठी बसलं की देव जवळ वाटतो. माणसांत आलं की ते सगळं विरतं. काय करावं?

उत्तर: झाड उलट बोलत नाही, काही मागत नाही, तिथे मन आपोआप निवतं. माणसासमोर मात्र आपण ऐकण्याआधीच मत बनवतो. अडतं ते इथेच.

गीतेच्या 6व्या अध्यायातला 32वा श्लोक ‘आत्मौपम्य’ सांगतो: दुसऱ्याचं सुखदुःख आपल्यासारखंच मानणं. सराव तिथूनच करा. दिवसातून एकच माणूस, 5 मिनिटं. मोबाइल बाजूला. त्याचं वाक्य पुरतं संपू द्या, मग 2 श्वास थांबून बोला. सल्ला देऊ नका (ही खोड जाता जात नाही!). मनात एवढंच विचारा, याला आत्ता कशाची भीती वाटतेय, कशाचा आनंद होतोय?

सुरुवात अनोळखी किंवा तटस्थ माणसापासून करा. बहुतेक जण पहिल्याच दिवशी वैऱ्यात देव शोधायला जातात आणि चिडून परततात. घरातली माणसंही अवघडच. जुने हिशेब आड येतात, त्यांना 3-4 आठवड्यांनी घ्या.

आणि देव दिसला म्हणून अन्याय सोसायचा नसतो. ‘नाही’ म्हणा, फक्त अपमान न करता. नदीकाठी बसणं मात्र सोडू नका.