गटात सगळं येतं, पेपरात काही नाही

“मॅडम, आम्ही चौघं बसतो तेव्हा मला सगळं येतं. शप्पथ येतं. आणि पेपर हातात आला की वाटतं, हे मी कधी बघितलेलंच नाही.”

खुर्चीच्या अगदी कडेवर बसून ती बोलत होती. शेजारी आई. सांख्यिकीच्या सराव परीक्षेत लेकीला फारच कमी गुण पडले होते आणि आईचं जवळजवळ ठरलं होतं की हा एकत्र अभ्यास बंद करायचा. माझ्याकडून त्यांना फक्त दुजोरा हवा होता. “चौघं जमल्यावर गप्पाच होत असणार, दुसरं काय!” त्या म्हणाल्या. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

परीक्षा जवळ आल्या की ही तक्रार माझ्याकडे हमखास येते, म्हणून हा अनुभव लिहिते आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

अशा वेळी मी आधी एकच गोष्ट तपासते. तेच गणित एकटीने, घड्याळ न लावता सुटतं का? निवांतपणी सुटत असेल आणि पेपरातच हात थांबत असेल, तर भीतीवर काम करायला हवं. झोप उडाली असेल, परीक्षेच्या सकाळी पोटात कालवत असेल, तर त्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. पण निवांतपणीही सुटत नसेल तर भीती मागाहून आलेली असते, अडचण तयारीत असते. घरचे लोक बहुतेक वेळा या दोन्हींना ‘टेन्शन’ म्हणतात आणि मुलांना ‘टेन्शन घेऊ नको’ एवढंच सांगतात. त्याने कुणाचंच टेन्शन गेलेलं मी पाहिलेलं नाही.

आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि एका कोऱ्या कागदावर तिला सारणी लिहून दिली. ४० मुलांचे गुण. ० ते १० मध्ये ४ मुलं, १० ते २० मध्ये ८, २० ते ३० मध्ये १४, ३० ते ४० मध्ये १०, ४० ते ५० मध्ये ४. “मध्यक काढ. कितीही वेळ लागू दे.”

संचित वारंवारतेचा, म्हणजे त्या त्या वर्गापर्यंतच्या मुलांच्या बेरजेचा, रकाना तिने भराभर भरला: ४, १२, २६, ३६, ४०. मध्यक म्हणजे ज्याच्या खाली निम्मी मुलं येतात तो गुण. चाळीसचे निम्मे २०, म्हणून मध्यक वर्ग, म्हणजे विसावं मूल ज्यात येतं तो गुणांचा टप्पा, २० ते ३०. सूत्रही तोंडपाठ होतं, न अडखळता लिहिलं. आणि मग पेन थांबलं. तिने मान वर केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं ते उजवीकडे, आई उठून गेली होती त्या रिकाम्या खुर्चीकडे.

“यात संचित वारंवारता कुठली घ्यायची? १२ की २६?”

मी गप्प राहिले. समोरचं मूल अडलेलं असताना गप्प बसणं मला अजूनही जड जातं. तिने २६ घातले, उत्तर आलं १५.७१. त्याखाली दोन रेघा मारून तिने पेन ठेवून दिलं.

“तुम्ही चौघं बसता तेव्हा तुझ्या उजव्या हाताला कोण असतं?”

ती गोंधळली. मग म्हणाली, “तो असतो. आमच्यातला सगळ्यात हुशार. तो सांगतो ना कुठली घ्यायची ते. म्हणजे... मी विचारायच्या आधीच सांगतो.”

तिची वही मागवून घेतली. सुंदर वही होती. सगळी उदाहरणं सोडवलेली, पायऱ्या बरोबर, अक्षर मोत्यासारखं. पण पानामागून पानं उलटली तरी एकही खाडाखोड दिसली नाही. गणित शिकणाऱ्या मुलाच्या वहीत खाडाखोड नसेल तर मला काळजी वाटते. चूक होण्याआधीच कुणीतरी तिला वाचवत होतं, दर वेळी.

ती खोटं बोलत नव्हती. गटात तिला खरंच ‘येत’ होतं. दुसऱ्याने वाट दाखवली की प्रत्येक पायरी पटते आणि पटलं म्हणजे आलं असं मनाला वाटतं. पेपरात मात्र पहिला प्रश्नच ‘इथे काय लावायचं’ हा असतो आणि ते ठरवायची सवय तिच्या हाताला कधी लागलेलीच नव्हती. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग मी अशा वेळी पालकांना सांगते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग: आपल्याला पुढेही नीट आठवेल याची जास्त खात्री होती ती पुन्हा वाचणाऱ्यांनाच. आतून वाटणारी खात्री किती फसवी असते ते यात दिसतं, म्हणून ‘येतंय ना तुला?’ असं मुलांना विचारण्यात फारसा अर्थ नसतो.

आईंना आत बोलावलं आणि सांगितलं, “गट मोडू नका. दोन आठवडे द्या मला.” त्या नाखुशीने हो म्हणाल्या. माझं मत इथे पक्कं आहे. घाबरलेल्या मुलाकडून मित्र काढून घेतले तर अडचण तशीच राहते आणि वर एकटेपण येतं.

मुलीला दोनच गोष्टी सांगितल्या. बसल्यावर पहिला अर्धा तास चौघांनी तोंड उघडायचं नाही. सगळ्यांनी तीच दोन-तीन उदाहरणं आपापली सोडवायची, पुस्तक मिटून. त्यानंतर फक्त उत्तरं ताडून बघायची आणि जिथे जुळत नाहीत तिथे बोलायचं. दुसरी गोष्ट पेन्सिलीची. जी पायरी दुसऱ्याने सांगितल्यावर लिहिली, तिच्याशेजारी एक टिंब काढायचं.

पुढच्या वेळी ती वही घेऊन आली आणि पान माझ्यापुढे न करता आधी स्वतःच मोजलं. एका उदाहरणात सहा टिंबं. “मला वाटलं होतं एखादं असेल,” ती हळूच म्हणाली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. गटातल्या एकीला शांत बसणं कंटाळवाणं वाटलं, तिने दोन दिवस यायचंच सोडलं. आणि तो हुशार मुलगा रागावला. मी मदत करतो तर मलाच गप्प बसवता, हे त्याचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. मी त्यालाही बोलावलं. चांगला मुलगा, मनापासून मदत करणारा. “कुणी अडलं की मला बघवत नाही, तोंडातून उत्तर निघूनच जातं,” तो म्हणाला. मी त्याच्यापुढे तीच सारणी ठेवली. झरझर काढून २५.७१ आणलं, बरोबर. मग विचारलं, “१२ का घेतलेस? २६ का नाही?”

“आधीच्या वर्गाची घ्यायची असते.”

“का?”

तो बराच वेळ सारणीकडे बघत राहिला. ती शेजारीच बसली होती. आणि बोलली ती. थांबत थांबत, बोट सारणीवर ठेवून. “२० च्या खाली १२ मुलं आधीच झाली. आपल्याला विसाव्या मुलापर्यंत जायचंय. म्हणजे अजून ८ पाहिजेत. ती या १४ मधून घ्यायची. मग १४ मधल्या ८ इतकं... या वर्गात तेवढं आत शिरायचं.” मग स्वतःशीच, “म्हणून १२ वजा करतो!”

वर्गातले गुण सारखे पसरले आहेत असं धरूनच हे चालतं, तेवढं मी जोडलं. बाकी सगळं तिचं होतं. आणि मग तिला तिचं जुनं १५.७१ आठवलं. मध्यक वर्ग २० ते ३० आणि उत्तर त्याच्या बाहेर! २० च्या खाली जर १२ च मुलं असतील तर १५.७१ च्या खाली निम्मी मुलं येतील कशी? हे उत्तर चूक आहे हे सूत्र न आठवताही कळलं असतं. तो मुलगा म्हणाला, “हे मला पण माहीत नव्हतं,” आणि त्या दिवसापासून अर्ध्या तासाच्या शांततेवर पहारा त्यानेच ठेवला.

परीक्षेनंतर ती भेटायला आली. प्रमाण विचलनाचं उदाहरण वेळेअभावी अर्धंच राहिलं होतं, त्याची हळहळ होती. पण सांगायचं होतं ते दुसरंच. मध्यकाचं उत्तर वर्गाच्या बाहेर आलं तेव्हा ती घाबरली, इकडे तिकडे पाहिलं, तिथे अर्थातच कुणी नव्हतं.

“मग?”

“मग खोडलं आणि संचित वारंवारता परत मांडली. बेरजेतच चुकलं होतं.”

बोलता बोलता तिने वही काढून दाखवली. गेल्या दोन आठवड्यांची पानं खोडून खोडून काळी झाली होती.