स्प्लिटचा कंस रिकामा ठेवा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ओळीतले शब्द सुटे करायचे असतील तर स्प्लिटच्या, म्हणजे मजकुराचे तुकडे करून त्यांची यादी देणाऱ्या split() च्या, कंसात काहीच देऊ नका. तुमच्या कोडमध्ये तुम्ही तिथे एक स्पेस दिली आहे, split(' ') अशी. त्यामुळे 'पुणे' आणि 'सातारा' यांच्यामध्ये चुकून दोन स्पेस पडल्या की यादीत तीन घटक येतात, मधला रिकामा. कंस रिकामा असला की स्पेस, टॅब, नवी ओळ सगळं एकत्र धरलं जातं आणि रिकामे तुकडे येतच नाहीत.

स्वल्पविरामावर तोडताना मात्र जपून. पत्त्यातच स्वल्पविराम असेल तर अवतरणचिन्हं असूनही स्प्लिट तिथे तोडणारच. सीएसव्ही फाइलसाठी, म्हणजे जिच्यात माहिती स्वल्पविरामांनी वेगळी केलेली असते त्या फाइलसाठी, पायथनचं तयार सीएसव्ही मॉड्यूलच वापरा, हे आग्रहाने सांगतो. 'वेळ:१०:३०' सारखी ओळ असेल तर स्प्लिटच्या कंसात कोलननंतर दुसरी किंमत १ द्या, split(':', 1) अशी, म्हणजे फक्त पहिल्या कोलनवर तुटून 'वेळ' आणि '१०:३०' असे दोनच भाग होतील.