इंग्लंडमध्ये एक जुनी सोनेरी आर्मचेअर ‘उमराव घराण्यातली’ म्हणून दुप्पट किमतीला मिळतेय. खरं कसं ओळखावं, आणि जास्त पैसे द्यावेत का?

खुर्ची त्या घराण्यात होती याचा कागद विक्रेत्याने दाखवला का? नसेल, तर खुर्चीचे पैसे द्या, घराण्याचे देऊ नका. झालं उत्तर. पुढचं आमच्या थोरल्या दिरांसाठी आहे, ते इथे वाचतात.

मी लीड्सला राहते. आठवड्यातले तीन दिवस जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात वर्ख लावायचं काम करते. २०११ साली एका गावच्या लिलावात मला सोनेरी आर्मचेअर मिळाली. एकटीच होती, म्हणून स्वस्त. वर्ख झिजून खालची लाल माती दिसत होती, एका हाताचं टोक तुटून परत चिकटवलेलं, गादीतून घोड्याचे केस बाहेर आलेले. घरी आणून उलटी केली तर बैठकीच्या मागच्या पट्टीला आतून एक पिवळी चिठ्ठी. वळणदार अक्षरात कुठल्यातरी हवेलीचं लांबलचक नाव आणि पुढे ‘ब्लू रूम, ४’. शेजारी काळ्या स्टेन्सिलने छापलेला आकडा. लिलाव कंपन्या असे आकडे मारतात आणि त्यांच्या जुन्या वह्यांत ते सापडू शकतात, म्हणून मी लगेच आकडा वहीत लिहून घेतला. चिठ्ठीचा फोटो मात्र राहिला. उजेड गेला होता, म्हटलं शनिवारी काढू.

शुक्रवारी मी कामावर असताना सांगलीहून आलेल्या भावजींनी खुर्ची धुतली. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, स्पंज. हेतू चांगला होता, ते मी कधीच नाकारलं नाही. पण पाण्यावरचा वर्ख म्हणजे काय, तर लाकडावर खडू आणि सरसाचे थर, त्यावर लाल मातीचा हात आणि त्यावर नुसत्या पाण्याने बसवलेलं सोन्याचं पान. सगळं सरसावर तगलेलं, आणि सरस पाण्यात सुटतो. मी घरी आले तेव्हा बादलीत गेरूसारखं पाणी होतं आणि त्यात सोन्याचे कण तरंगत होते. वर भावजी म्हणाले, “अगं, खाली कुठलासा कागद चिकटला होता, तोही सुरीने खरवडून काढला बघ.”

मी रडले. त्यावर त्यांचं म्हणणं: खुर्ची ती खुर्ची, आधी कोण बसलं होतं त्याने लाकूड बदलतं का? त्या दिवसापासून दर दिवाळीला फोनवर हाच वाद.

तर भावजी, ऐका. आमच्या जवळच्या ओटली गावात जन्मलेल्या टॉमस चिपेंडेल या नामांकित फर्निचर कारागिराने १७६५ साली सर लॉरेन्स डंडास यांच्या लंडनमधल्या १९, आर्लिंग्टन स्ट्रीटच्या घरासाठी आठ सोनेरी आर्मचेअर आणि चार सोफे बनवले. डंडासांनी सैन्याला रसद पुरवून बख्खळ पैसा केला होता. नक्षीचा आराखडा वास्तुशिल्पी रॉबर्ट ॲडमचा. ॲडम आणि चिपेंडेल यांनी मिळून केलेलं दुसरं फर्निचर माहीत नाही. बिल शिल्लक आहे: आठ खुर्च्या, तेलावरचं (पाण्याऐवजी तेलाने बसवलेलं) सोनं, पायांना मजबूत चाकं, १६० पौंड. म्हणजे एक खुर्ची वीस पौंडांना, आणि दमास्क (विणीतच नक्षी असलेलं) कापड डंडासांनी स्वतःचं दिलेलं! चिपेंडेल आपल्या मालावर शिक्का मारत नसे. बिल नसतं तर आज नुसत्या कोरीवकामावरून कितीही वाद घालता आला असता.

सगळं १९३४ पर्यंत घराण्यात राहिलं, मग घरातल्या सामानाचा लिलाव झाला आणि पुढे घरही पाडलं. तेव्हाचे मालक दुसरे मार्क्वेस ऑफ झेटलंड. तेच आधी लॉर्ड रोनाल्डशे म्हणून बंगालचे गव्हर्नर होते, नंतर भारतमंत्री झाले, आणि १९४० मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरला गोळ्या घातल्या तेव्हा जखमी झाले. त्या आठांतली एक खुर्ची आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १९९७ साली एक जोडी १७ लाख पौंडांवर गेली. लाकूड तेच, भावजी. फरक पडला तो कागदाने.

आता तुमच्या खुर्चीचं. ती उलटी करा, वरून काही कळत नाही. पट्टीवर पटाशीने कोरलेला रोमन आकडा दिसला तर विक्रेता ‘घराण्याची खूण’ म्हणेल. बहुतेकदा ती सुताराने संचातल्या खुर्च्या ओळखायला केलेली असते, मालकाशी संबंध नाही. चिठ्ठी, स्टेन्सिल, खडूने लिहिलेले लॉट नंबर, सगळ्याचे फोटो आधी काढा. मग त्या घरातल्या सामानाची जुनी यादी आणि लिलावाचा कॅटलॉग मागा. मालकीच्या नोंदीत मधली एखादी पिढी गायब असेल तर तेवढी किंमत खाली आणा. ‘आजी सांगायची’ याला मी दमडी देत नाही.

हेही सांगायला हवं की कागदही फसवतो. अस्सल चिठ्ठी एका खुर्चीवरून काढून दुसरीवर डकवता येते, आणि खरं बिल सहा खुर्च्यांचं असताना बाजारात नऊ फिरत असू शकतात. शिवाय प्रत्येक वर्ख पाण्याने जात नाही. तेलावरचा बऱ्यापैकी टिकतो, म्हणजे डंडासांच्या खुर्च्या भावजींच्या हातूनही कदाचित वाचल्या असत्या.

माझ्या स्टेन्सिलच्या आकड्याचं उत्तर लिलाव कंपनीकडून दोन महिन्यांनी आलं: ‘सहा सोनेरी आर्मचेअर, एका गृहस्थांची मालमत्ता.’ नाव नाही. नाव चिठ्ठीवर होतं आणि माझ्या डोक्यात फक्त ‘ब्लू रूम’ उरलं आहे. भावजी म्हणतात, इतकं महत्त्वाचं होतं तर त्याच रात्री दिवा लावून फोटो का नाही काढलास?