चार जीबीचे कार्ड आणि अनरिअल इंजिन

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत असून अनरिअल इंजिन ५ या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर जुन्या वाड्यात घडणारा गेम तयार करीत आहे. लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आणि ४ जीबी मेमरीचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. एडिटरमध्ये (गेम रचण्याच्या खिडकीत) सेकंदाला जेमतेम १५ फ्रेम, म्हणजे चित्रे, मिळतात. कर्ज काढून नवा लॅपटॉप घ्यावा का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यात कर्ज काढू नका. आधी अडथळा नेमका कुठे आहे ते मोजा. कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या चौकटीत) ‘स्टॅट युनिट’ ही आज्ञा दिली की गेम (खेळाचे नियम व हालचाली), ड्रॉ (चित्र काढण्याच्या सूचनांची तयारी) आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्डावरील प्रोसेसर) यांना लागणारा वेळ मिलिसेकंदांत दिसतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम १६.६ मिलिसेकंदांत पूर्ण व्हावी लागते. गेमचा आकडा सर्वांत मोठा असेल, तर दोष प्रोसेसरवरील कामाचा आहे आणि महागडे कार्ड घेऊनही फारसे काही साधणार नाही.

तुमच्या बाबतीत मात्र जीपीयूचाच आकडा मोठा निघेल, असे मला वाटते. अनरिअल ५ च्या नव्या प्रकल्पात ल्यूमेन ही प्रकाशयोजना आपोआप सुरू असते. भिंतीवरून, फरशीवरून परतणारा उजेड ती सतत मोजत राहते, आणि रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशकिरणांचा माग काढण्याच्या हिशेबासाठी) लागणारे स्वतंत्र गाभे जीटीएक्स १६५० मध्ये नाहीत. प्रकल्पाच्या सेटिंग्जमध्ये ल्यूमेन बंद करा आणि स्केलेबिलिटी (चित्राच्या दर्जाची पातळी) ‘मीडियम’वर आणा.

मग टेक्स्चरकडे, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांकडे, वळा. ४०९६ पिक्सेल लांबी-रुंदीचे एक टेक्स्चर बीसी७ पद्धतीने आकुंचित करूनही १६ एमबी घेते, मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रती) धरून सुमारे २१. रंग, नॉर्मल (उंचसखलपणा) आणि रफनेस (खरखरीतपणा) अशी तीन टेक्स्चर असलेल्या एका दगडी भिंतीलाच ६० एमबीहून अधिक लागतात. लांबी-रुंदी निम्मी केली की मेमरी चौथाईवर येते, आणि तुळईला किंवा कोनाड्याला २०४८ पुष्कळ होते.

अनरिअल बनवणारी एपिक कंपनी त्यासाठी ३२ जीबी रॅम आणि किमान ८ जीबीचे कार्ड सुचवते. त्यामुळे खर्च करायचाच असेल, तर लॅपटॉपमध्ये सोय असल्यास आधी रॅम वाढवा. एडिटर आणि शेडर कंपायलेशन (पृष्ठभाग व प्रकाश रंगवणारे छोटे प्रोग्राम तयार होणे) या दोन्हींना तिचा उपयोग होतो. पुढे नवा लॅपटॉप घ्याल तेव्हा कार्डाच्या नावावर विसंबू नका. आरटीएक्स ३०६० डेस्कटॉपसाठी १२ जीबी मेमरीसह आले, लॅपटॉपमध्ये त्याच नावाच्या कार्डाला ६ जीबीच मिळाली. आरटीएक्स ४०६० चे लॅपटॉप कार्डही उत्पादकानुसार ३५ ते ११५ वॅटपर्यंत चालते. वॅट कमी तर वेगही कमी, म्हणून दुकानदाराला वॅटचा हा आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.