गॅरेज कट्टा : लिंकला पाइप कुठला घालू?

प्रश्न : माझ्या जिप्सीचे मागचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग आणि चार लिंक, म्हणजे धुरा चासीला धरून ठेवणारे दांडे, बसवले आहेत. पावसात मित्राच्या काजूबागेतल्या चढावर गाडी दगडावर बसली आणि खालचे दोन्ही लिंक वाकले. वेल्डर म्हणतो, सव्वा इंची सी क्लास जीआय पाइप (जस्ताचा मुलामा असलेला जाड नळाचा पाइप) घाल. एक मित्र क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद) सांगतो, दुसरा ७०७५ ॲल्युमिनियम. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : वेल्डरला चहा पाजा, पण त्याचा पाइप नळालाच राहू द्या. पाण्याच्या पाइपचं पोलाद मऊ असतं. शिवाय वेल्डिंगला जस्ताचा जो धूर निघतो, त्याने रात्री ताप भरतो.

तुम्ही सगळे धातूच्या नावावर भांडताय. मी आधी माप विचारतो. सव्वा इंची सी क्लास बाहेरून ४२.४ मिमी, जाडी ४ मिमी. बाहेरून ५० मिमी आणि ६ मिमी जाडीचा पाइप घ्या. धातू तोच धरला तरी वाकायला जवळजवळ दुप्पट जोर लागेल. आणि ‘भरीव गजच घालतो’ म्हणणारे भेटतात, त्यांच्यासाठी : ३६ मिमीचा गज मीटरला ८ किलो भरतो, हा पाइप साडेसहा. तरीही वाकायला पाइपच पावणेदोन पट भारी.

आता धातू. हायड्रॉलिक सिलिंडरला लागतो तो एसटी ५२ पोलादाचा सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा, पाइप मागा. खाणींची यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांना तो नवीन नाही. सुमारे ३५५ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणापर्यंत तो कायमचा वाकत नाही, मिगने (तार आपोआप सरकणाऱ्या वेल्डिंगने) नीट वेल्ड होतो, आणि हद्द ओलांडली तर तुटण्याआधी वाकतो. मधल्या माळावर अडकल्यावर वाकलेल्या लिंकवर घरी येता येतं, तुटलेल्यावर नाही.

क्रोमोली, म्हणजे ४१३०, नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेली) असेल तर ४३५च्या आसपास जाते. फरक आहे, पण टिगवर (हाताने तार घालून करायच्या बारीक वेल्डिंगवर) बसणारा सावकाश हाताचा माणूस हवा. सांधा गरम असताना कुणी पाणी ओतलं तर तिथेच तडा जाईल. तसा कारागीर हाताशी नसेल तर पैसे वाचवा.

७०७५ची गोष्ट वेगळी. टी६ अवस्थेत, म्हणजे उष्णता देऊन कडक केल्यावर, ५०० मेगापास्कल सोसतो, ५० मिमीचा भरीव दांडासुद्धा मीटरला साडेपाच किलोच, आणि दगडावर वाकून परत सरळ होतो. तुमचा मित्र खोटं बोलत नाही. पण हा दांडा नेहमीच्या पद्धतीने वेल्ड होत नाही, टोकाला आतून आटे पाडावे लागतात. त्या आट्यांत पोलादी रॉड एंड (लिंकच्या टोकाचा फिरता सांधा) बसणार, वरून आपली खारी हवा आणि चार महिने चिखल. या मिश्रधातूत तांबं असल्यामुळे तो तसाही लवकर गंजतो. आट्यांना अँटीसीझ (आटे अडकू न देणारं वंगण) फासून दर पावसाळ्यानंतर उघडणार असाल तरच घ्या. जांभ्याने खोल ओरखडा पाडला तर तो घासून गुळगुळीत करा, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो.

वरच्या लिंकला दगड लागत नाही, तिथे त्याच पोलादाचा बारीक पाइप चालेल. टोकाच्या बुशी गोल फिरून पूर्ण वेल्ड करा, फट ठेवलीत तर पाणी आत शिरून पाइप आतून सडेल. चेक नट (रॉड एंड ढिला होऊ नये म्हणून लावलेला नट) प्रत्येक फेरीनंतर आवळा.

आणि पाटे काढल्याची नोंद वाहतूक खात्यात केली आहे ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ गाडीतले असे बदल परवानगीशिवाय चालत नाहीत. केली नसेल तर बागेपर्यंत गाडी ट्रेलरवरून न्या.